सीमेवर अडणारा व्यापार: सार्क, शेजारी आणि भरवशाचा प्रश्न

पारंबी

दक्षिण आशियातल्या देशांचा एकमेकांशी होणारा व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास आहे आणि कित्येक वर्षं तो तिथेच अडकला आहे. आसियान गटातल्या आग्नेय आशियाई देशांत हाच वाटा वीस टक्क्यांच्या वर जातो. इथे नद्या सामाईक, भाषा सीमेच्या दोन्ही अंगांना त्याच, काही रेल्वेमार्ग तर फाळणीच्याही आधीचे. तरी ही स्थिती. कारण विचारलं की चर्चा बहुधा एकाच वाक्यात संपते: भारत-पाकिस्तान वैरामुळे सार्क संपलं. मला हे उत्तर अपुरं वाटतं, म्हणून हा धागा.

आधी सार्कची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची हकीकत. ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात सात देशांनी ही संघटना स्थापन केली, २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवा सदस्य झाला. सगळे निर्णय एकमताने घ्यायचे आणि दोन देशांमधले वाद चर्चेला आणायचे नाहीत, असं सनदेतच लिहिलेलं आहे. भांडणं टाळण्यासाठी ते ठीक होतं, पण त्यामुळे एका देशाने मान हलवली नाही की सगळं ठप्प. साफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार २००४ मध्ये झाला, २००६ पासून लागू झाला. प्रत्येक देशाने आपापल्या 'संवेदनशील' मालाची लांबलचक यादी करून नेमका जो माल शेजाऱ्याला विकायचा होता तोच सवलतीतून वगळला. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली आणि त्यानंतर एकही झालेली नाही.

पाकिस्तानबद्दल माझं मत सरळ आहे. भारताने १९९६ मध्ये त्याला सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा दिला, त्याने तो उलट कधीच दिला नाही. पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने तो काढून घेतला आणि पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबवला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाल्यावर अटारीची चौकी बंद झाली, सिंधू जलकरार स्थगित झाला. जिथून माणसं मारायला माणसं येतात तिथला व्यापार चालू ठेवा, असं मी म्हणणार नाही.

पण पाकिस्तान बाजूला ठेवला तरी उरलेल्यांशी आपला व्यापार धड का चालत नाही? नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांनी काही भारतावर हल्ले केलेले नाहीत.

नेपाळचं बघा. १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमनाच्या (एका देशातून माल तिसऱ्या देशात नेण्याच्या) करारांची मुदत संपली, नवा करार जमला नाही आणि सीमेवरचे बहुतेक नाके बंद झाले. नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे इंधनापासून सगळ्याची टंचाई झाली. २०१५ मध्ये पुन्हा तसंच. भूकंपाला पाच महिने झाले होते, सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आली, तिच्यावर नाराज असलेल्या, भारताच्या सीमेलगत राहणाऱ्या मधेसी आंदोलकांनी नाके अडवले. भारत सरकारचं म्हणणं होतं की ही नाकेबंदी आमची नाही. पण नेपाळमध्ये सामान्य माणसाने ती भारताचीच मानली. पुढच्याच मार्चमध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि चीनशी पारगमनाचा करार करून आले. चीनची बंदरं नेपाळपासून हजारो किलोमीटरवर आहेत, कोलकात्याच्या तुलनेत तो रस्ता व्यवहाराचा नाही, हे ओलींनाही ठाऊक होतं. तरीही तो करार नेपाळमध्ये लोकप्रिय झाला, कारण दुसरा एक दरवाजा असल्याचं समाधान त्यातून मिळालं.

बांगलादेशची गोष्ट कांद्याची. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आलेल्या शेख हसीना यांनी जाहीर कार्यक्रमात म्हटलं, आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. मे २०२४ ला बंदी उठली ती ४० टक्के निर्यात शुल्क लावून, आणि ते शुल्क पूर्ण हटायला एप्रिल २०२५ उजाडला. दरम्यान बांगलादेशाने स्वतःचं कांद्याचं उत्पादन वाढवलं, बाहेरचे पर्याय शोधले. गुरांच्या बाबतीत हे आधीच घडून गेलं होतं. २०१४ नंतर भारताने सीमेवरून होणारी गुरांची तस्करी आवळली, तेव्हा बांगलादेशात गोठे वाढले आणि काही वर्षांत ईदसाठी लागणारी गुरं तिथेच मिळू लागली. तस्करी थांबलीच पाहिजे होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुरवठा तुटला की शेजारी किती लवकर दुसरी वाट काढतो, ते यातून दिसतं.

माझं म्हणणं असं: आपल्याकडे व्यापाराला राजकारणाचा खटका समजलं जातं. राग आला की बंद, मैत्री झाली की चालू. आयात शुल्क किती हा मुद्दा दुय्यम आहे. उद्या नाका उघडा असेल की नाही हेच माहीत नसेल, तर कुठलाही कारखानदार शेजारच्या देशावर आपलं उत्पादन बेतणार नाही. आणि शेजारी आपल्यावर विसंबून असणं ही आपल्या सुरक्षेची बाजू आहे. ती आपण स्वतःच्या हाताने पोखरतो आहोत.

सह्यकडा

लेख तळमळीचा आहे, पण सुरक्षेचा भाग तुम्ही फार हलक्यात घेतलात.

नकाशा उघडून सिलिगुडीची चिंचोळी पट्टी बघा. रुंदी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, आणि तिच्याच आधाराने ईशान्येची सगळी राज्यं देशाशी जोडलेली आहेत. २०१७ मध्ये भूतान-चीन सीमेवरच्या डोकलामला भारतीय सैन्य चिन्यांसमोर ७३ दिवस उभं राहिलं, ते भूतानवरच्या प्रेमापोटी तर होतंच, पण या पट्टीसाठीही होतं.

आता बांगलादेश. एप्रिल २००४ मध्ये चितगावच्या धक्क्यावर दहा ट्रक भरून शस्त्रं पकडली गेली, ती आसामातल्या उल्फा या बंडखोर संघटनेसाठी चालली होती. उल्फाचे म्होरके तिथे राजरोस राहत होते. भूतानच्या जंगलातही त्यांचे तळ होते, ते भूतानच्या सैन्याने डिसेंबर २००३ मध्ये स्वतः मोडून काढले. ढाक्यातलं सरकार २००९ मध्ये बदललं, उल्फाचा म्होरक्या अरविंद राजखोवा भारताच्या हाती लागला, पुढे २०१५ मध्ये दुसरा म्होरक्या अनुप चेतियाला सोपवलं गेलं. त्यानंतरच वीज, रेल्वे, बंदरं या गोष्टी पुढे सरकल्या. क्रम स्पष्ट आहे. आधी अतिरेक्यांचे तळ गेले, मग व्यापार आला. तुम्ही तो उलटा मांडता आहात.

पारंबी

सह्यकडा, २००४ ते २००९ बद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. दहा ट्रक शस्त्रांची वाट दाखवणाऱ्या सरकारशी मोकळा व्यापार होत नाही.

पण २००९ नंतरची पंधरा वर्षंही बघू. २०१४ मध्ये सागरी हद्दीचा निकाल लवादाने दिला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी जवळजवळ १९,५०० बांगलादेशाकडे गेले आणि भारताने तो निकाल मुकाट्याने मानला. या एका गोष्टीचा मला भारतीय म्हणून खरोखर अभिमान आहे. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री १६२ छिटमहालांची अदलाबदल झाली. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाची बेटं, अशा ठिकाणी राहणाऱ्या हजारो लोकांना पहिल्यांदा नागरिकत्व, शाळा, रेशन मिळालं.

एवढी कमाई हातात असताना चूक कुठे झाली? माझ्या मते, सगळे संबंध एका पक्षाशी आणि एका नेत्याशी बांधले गेले. ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना सत्तेतून गेल्या आणि आठ महिन्यांत व्यापारही कोसळू लागला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या विमानतळांमधून आणि बंदरांमधून तिसऱ्या देशांत जायची दिलेली सोय काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून येणारं भारतीय सूत थांबवलं. मे महिन्यात भारताने तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून घेणं बंद केलं, फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा ही दोन बंदरं ठेवली. यातल्या कुठल्या निर्णयाने एक तरी अतिरेकी पकडला गेला?

उत्तरवाट

त्रिपुराबद्दल लिहितो. नोकरीच्या निमित्ताने मी तिकडे राहिलो आहे, आणि या चर्चेत त्या बाजूचं कुणी बोलत नाही.

आगरतळ्याहून कोलकात्याला सिलिगुडीच्या वाटेने जायचं तर दीड हजार किलोमीटरच्या वर अंतर पडतं. बांगलादेशातून ते एक तृतीयांशाच्या आसपास येतं. दक्षिण त्रिपुरातल्या साब्रूमहून चितगाव बंदर शंभर किलोमीटरही नाही, मधे फेनी नदी. तिच्यावरचा मैत्री सेतू मार्च २०२१ मध्ये पूर्ण झाला. आगरतळा-अखौरा रेल्वेजोडणीचं उद्घाटन नोव्हेंबर २०२३ मध्ये झालं. दोन्ही उभ्या आहेत, पण ज्या मालवाहतुकीसाठी बांधल्या ती काही अजून सुरळीत चाललेली नाही. हे बघून फार वाईट वाटतं.

पण जमलेली गोष्टही सांगतो. त्रिपुरातल्या पालाटाणाला ७२६ मेगावॉटचा वायूवर चालणारा वीजप्रकल्प आहे. त्याची अवजड यंत्रं डोंगराळ रस्त्यांनी नेणं जवळपास अशक्य होतं. बांगलादेशाने आशुगंजच्या नदीबंदरातून आपल्या भूमीवरून ती जाऊ दिली. प्रकल्प उभा राहिल्यावर २०१६ मध्ये त्रिपुरातून बांगलादेशाला १०० मेगावॉट वीज जाऊ लागली आणि बदल्यात कॉक्स बाजारच्या समुद्री केबलवरून त्रिपुराला इंटरनेट मिळालं. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज आहे, अशी ही रचना होती. ढाक्यात सरकार बदलल्यावर थकबाकीवरून कुरबुरी झाल्या, पण विजेची तार कुणी कापली नाही. आणि त्याच पडझडीच्या नोव्हेंबरात, २०२४ मध्ये, नेपाळची वीज भारताच्या तारांमधून बांगलादेशात पहिल्यांदा पोचली. फक्त ४० मेगावॉट, पण तीन देशांचा तो करार ऑगस्टनंतर झाला, हे लक्षात घ्या. यंत्रात पैसे घातले, मीटर लावला, दर ठरवला की राजकारण्यांना तो खटका सहज दाबता येत नाही.

शिवार

सगळे निर्यातीबद्दल बोलता आहात. शेतकऱ्याच्या बाजूने आयातीचंही बोला.

नेपाळमध्ये तेलासाठी पुरेसं सोयाबीन पिकत नाही. तरी नेपाळ भारताला सोयाबीन तेल विकतो! कसं? परदेशातून कच्चं तेल आणायचं, तिथे शुद्ध करायचं आणि भारतात शून्य शुल्काने पाठवायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, उद्देश हा की इथल्या सोयाबीनला भाव मिळावा. लगेच नेपाळमधून येणाऱ्या तेलाचा ओघ वाढला. शुल्काच्या फरकावर हा अख्खा धंदा उभा आहे. त्या वर्षी सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं गेलं, सगळा दोष नेपाळचा नाही, पण घाव त्यातलाही आहे. श्रीलंकेतून येणाऱ्या वनस्पती तुपाचं वीस वर्षांपूर्वी हेच झालं होतं.

आणि कांद्याची बंदी ढाक्याला लागली तशी आम्हालाही लागली. शेतकरी रस्त्यावर उतरले, लिलाव बंद पडले. शहरात भाव चढू नयेत म्हणून निर्यात रोखायची आणि भाव पडला की निर्यात खुली करायची. तोवर खरेदीदार दुसऱ्या दारात गेलेला असतो. यात पारंबींशी पूर्ण सहमत.

पारंबी

शिवार, तेलाचा मुद्दा अगदी योग्य जागी आणलात. शेजाऱ्याला दिलेली सवलत शेजाऱ्याच्या शेतकऱ्याला किंवा कामगाराला मिळाली पाहिजे, दलालाला नव्हे. नेपाळशी असलेल्या करारात ठरावीक मूल्यवर्धनाची अट आहे. कच्चं तेल गाळण्याने ती खरोखर पूर्ण होते का, हे मालाच्या प्रत्येक खेपेला कागद बघून ठरवायला हवं. पण यावर उपाय म्हणून नाका बंद केला, तर नेपाळची वेलची, आलं, चहा हेही अडकतं. ते तिथले छोटे शेतकरी पिकवतात आणि त्यांच्यासाठी दुसरा बाजार नाही. नियम तेलापुरता कडक करा.

कांद्याबद्दल मात्र उपाय आपल्याच घरात आहे आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. मालदीवशी भारताचा १९८१ चा व्यापार करार आहे. त्याखाली दरवर्षी तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, बटाटे, कांदे, अंडी, अगदी बांधकामाची वाळूही किती द्यायची याचा कोटा ठरतो. भारतात निर्यातबंदी असली तरी हा कोटा पोचतो. २०२३ मध्ये 'इंडिया आउट' म्हणत मुइझ्झू मालदीवच्या अध्यक्षपदी निवडून आले, भारताचे सैनिक परत पाठवले गेले, समाजमाध्यमांवर बहिष्काराच्या हाका सुरू होत्या. त्याच काळात, एप्रिल २०२४ मध्ये, भारताने मालदीवसाठी १९८१ पासूनचा सर्वांत मोठा कोटा मंजूर केला. त्याच ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीत येऊन चलन अदलाबदलीचा करार करून गेले. मालदीवची आर्थिक अडचण हे त्याचं मुख्य कारण होतंच, पण रागाच्या भरात धान्य तोडलं असतं तर ही वाट इतकी सोपी राहिली नसती.

बांगलादेशाने डिसेंबर २०२२ मध्ये असाच वार्षिक कोटा मागितला होता. तो तेव्हाच पक्का झाला असता तर पुढच्या वर्षीच्या बंदीतही त्यांना ठरलेला कांदा मिळाला असता आणि आपल्या शेतकऱ्याला एक खात्रीचा गिऱ्हाईक. मालदीव छोटा देश आहे, त्याला लागणारा माल आपल्याला जाणवतही नाही, बांगलादेशात सतरा कोटींच्या आसपास लोक आहेत, हा फरक मी जाणतो. म्हणून कोटा गरजेच्या काही हिश्शापुरता असू दे. पण तो लेखी हवा, आणि बंदी घालायची तर आधी सूचना द्यायची, सीमेवर पोचलेला आणि पतपत्र (बँकेची पैशाची हमी) उघडलेला माल सोडायचा, एवढं तरी बंधनकारक हवं.

गलबत

मालवाहतुकीच्या धंद्यात आहे म्हणून थोडं जमिनीवरचं.

पेट्रापोल-बेनापोल ही दोन देशांमधली सर्वांत मोठी जमिनीवरची चौकी. भारतीय ट्रक पलीकडच्या आवारापर्यंत जातो, तिथे माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरतात. त्याआधी वाहनतळावर ताटकळणं, भाडं, कागदांची दोनदा तपासणी. ट्रक मधे न बदलता जावेत म्हणून भूतान, बांगलादेश, भारत, नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफूला मोटार वाहन करार केला. भूतानच्या संसदेने तो मंजूर केला नाही. परक्या ट्रकांची गर्दी आणि धूर एवढ्या छोट्या देशाला झेपणार नाही ही त्यांची भीती, आणि ती रास्त आहे. बाकी तिघांनी पुढे जायचं ठरवलं, पण ट्रक काही अजून वाहते झालेले नाहीत.

पूर्व आफ्रिकेकडे बघा. केनिया, युगांडा, टांझानिया यांचा समुदाय १९७७ मध्ये मोडला होता, केनिया-टांझानिया सीमा १९८३ पर्यंत बंद, मधे टांझानिया आणि युगांडाचं युद्धही झालं. पण १९९९ मध्ये त्यांनी पुन्हा करार केला. आज केनिया-युगांडा सीमेवरच्या बुसिया आणि मलाबाला ट्रक एकदाच थांबतो, दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसून कागद बघतात. तिथेही सगळं आलबेल नाही, रवांडाने २०१९ मध्ये युगांडाकडचा मुख्य नाका बंद केला तो तीन वर्षांनी उघडला. तरी बाकीची घडी टिकली, कारण एका जोडीच्या भांडणामुळे सगळ्यांचं काम थांबत नाही.

न्हावा शेव्याचं सांगायचं तर, ढाक्याहून ईशान्येत जायचा कपडा आता समुद्रमार्गे कोलकात्याला, नाहीतर अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईला उतरणार आणि तिथून ट्रकने आसामला जाणार. हे कुणाच्या फायद्याचं आहे ते मला उमगलेलं नाही.

सह्यकडा

गलबत, तुमची उदाहरणं चांगली आहेत. आसियानचंही असंच, इंडोनेशिया आणि मलेशियातली चकमक १९६६ मध्ये थांबली आणि पुढच्याच वर्षी दोघं एका संघटनेत आले. पण तिथे एकाने दुसऱ्याविरुद्ध दहशतवादी पोसणं चालू ठेवलं नव्हतं. आणि या सगळ्यात चीन कुठे आहे? श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेलं. शेजारी दुसरा दरवाजा म्हणता म्हणता चिनी आरमाराला धक्का देत असेल तर आपण धान्याचा कोटा घेऊन बसायचं का?

पारंबी

श्रीलंकेचंच घ्या. २०२२ मध्ये तिथे डॉलर संपले, पेट्रोलच्या रांगांत लोक दिवस काढत होते. तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली: इंधन, औषधं, खत, कर्जाला मुदतवाढ. कर्ज फेडीची पुनर्रचना करायला भारताने नाणेनिधीला पहिलं आश्वासन दिलं, चीन रेंगाळला. त्यानंतर कोलंबोत सरकारं बदलली, डाव्या विचाराचे दिसानायके अध्यक्ष झाले, आणि त्यांनी पहिला परदेश दौरा भारताचा केला. तिथे जाऊन त्यांनी सांगितलं की श्रीलंकेची भूमी भारताच्या सुरक्षेविरुद्ध वापरू दिली जाणार नाही. हंबनटोटा अजून चिनी कंपनीकडेच आहे, ते नाकारत नाही. पण ते आश्वासन आपल्याला कुठल्या धमकीने मिळालं नव्हतं.

उत्तरवाट

शेवटी एक विषय राहिला तो पाण्याचा. १२ डिसेंबर १९९६ चा गंगा करार तीस वर्षांचा आहे, म्हणजे मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत. पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यावर जानेवारी ते मे दर दहा दिवसांचं पाणी मोजून वाटतात. ७०,००० क्युसेकपर्यंत (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) निम्मं-निम्मं. त्यावर ७५,००० पर्यंत बांगलादेशाला ३५,०००. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,००० आणि उरलेलं त्यांना. पश्चिम बंगालला विश्वासात न घेता काही ठरवू नका, असं मुख्यमंत्र्यांनी २०२४ मध्ये पंतप्रधानांना पत्राने कळवलं. फराक्क्यामुळे गाळ साचून पूर येतो ही बिहारची जुनी तक्रार. तीस्ता नदीच्या पाण्याचा करार २०११ मध्ये सहीच्या दारातून परत फिरला, तो बंगालच्या विरोधामुळेच.

पारंबी

हो, आणि म्हणून मला या कराराची मुदत फार महत्त्वाची वाटते. पाच किंवा दहा वर्षांचा करार केला तर दर निवडणुकीत फराक्का दोन्हीकडच्या प्रचारात येईल. बंगाल आणि बिहारला चर्चेच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून बसवा, उन्हाळ्यातल्या प्रवाहाची नवी मोजणी दोन्ही देशांच्या अभियंत्यांनी एकत्र करावी, आणि मुदत पुन्हा किमान तीस वर्षांची ठेवावी. राजशाहीच्या शेतकऱ्याला आणि मुर्शिदाबादच्या शेतकऱ्याला पुढच्या मार्चमध्ये किती पाणी येणार हे आधी कळलं पाहिजे, सरकार ढाक्यात कुणाचंही असो आणि दिल्लीत कुणाचंही.